गंज दाखवा, मग दर सांगा

जुनी गाडी घरच्या घरी उभी करण्याची हौस आपल्या कोकणपट्टीत अधूनमधून दिसते. आखातात वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून परतलेला माणूस, मुलांची लग्ने उरकली की मांगरात झाकून ठेवलेली वडिलांची फियाट किंवा जीप बाहेर काढतो आणि खळ्यात तिच्याभोवती फेऱ्या मारू लागतो. व्यापाराच्या पानावर हा हौशी विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. हौस गिऱ्हाइकाची असली तरी त्या हौसेवर डेंटर, पेंटर, वायरमन आणि सीटवाला यांची चूल पेटते. या सगळ्या कामांत आपल्या समाजाचे हात किती आहेत हे कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजच्या रांगेत उभे राहिले तरी कळते. तेव्हा या हौसेतला पैसा टिकतो कसा आणि हातचा जातो कसा, हा व्यापाराचाच प्रश्न आहे. आम्ही तो स्वतःच्या खिशातून शिकलो.

आमच्या घरी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. हीच गाडी सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली व मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झाली. (हिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला मुंबईकरांनी जे टोपणनाव दिले होते ते आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे, अब्बा तिला ‘जुनी अकराशे’ म्हणत.) पद्मिनीचे उत्पादन २०००-०१ च्या सुमारास थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. टॅक्सी होत्या तोवर त्यांचा सुटा माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सहज मिळे. आता चांगला दरवाजा किंवा बंपर शोधायला चार फेऱ्या होतात. म्हणजे जे पत्र्याचे काम पूर्वी ‘दुसरा टाक’ म्हणून भागत असे, ते आता हाताने घडवावे लागते. डेंटरच्या हुनराला भाव येण्याची ही वेळ आहे आणि नेमक्या याच वेळी तो हुनर पुट्टीखाली झाकला जात आहे.

आमची गाडी खाडीच्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभी होती. अब्बांच्या पश्चात आम्ही ती तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगण्याचे कारण नाही. मालकाने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर हात फिरवला आणि ठोक आकडा सांगितला. आम्ही घासाघीस करून तो उतरवला आणि वर अट घातली की, गाडी ईदच्या आधी पाहिजे. गाडी ईदच्या आधी आली. रंग असा की दाढी करून घ्यावी. गल्लीतल्या मुलांनी फोटो काढले.

पहिला पावसाळा सरला तेव्हा दाराखाली तांदळाएवढे फोड दिसले. दिवाळीच्या सुमारास ते बोराएवढे झाले. आम्ही स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले तर तो मुठीपर्यंत आत गेला. बोटभर जाडीची पुट्टी होती, तिच्या खाली जाळी आणि जाळीच्या मागे वर्तमानपत्राची घडी कोंबलेली. आम्ही वर्तमानपत्रात लिहिणारे; आपल्या लिखाणाचा हाही एक उपयोग होतो हे त्या दिवशी कळले.

पण सगळा दोष गॅरेजवाल्याच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘सगळे मिळून किती?’ हा प्रश्न आम्ही विचारला होता. न उघडलेल्या गाडीचा ठोक भाव मागणे म्हणजे न फोडलेल्या नारळात पाणी किती ते विचारणे. कारागिराने आकडा सांगितला, आम्ही तो तोडला, वर तारीख बांधली. मग त्याने आत सापडलेली भोके कोणाच्या पैशाने भरायची? त्याने ती पुट्टीने भरली. गिऱ्हाईक चकाकीचे पैसे देतो, म्हणून त्याला चकाकी मिळते.

गंजाचा स्वभाव समजून घेतला तर ही युक्ती का फसते ते कळते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो आणि खारी हवा त्याला घाई करते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून वर उचलतो. पुट्टी स्वतः ओल शोषते. तिच्या मागच्या बाजूला रंग नसतोच, तेव्हा आतल्या पोकळीतली ओल ती धरून ठेवते. वरून पॉलिश, आतून ओला फडका. दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळण होते. शिवाय फियाटला जीपसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दाराखालचा पोकळ पत्रा, ज्याला गॅरेजात ‘रनिंग बोर्ड’ म्हणतात, आणि खांब, याच सर्वांवर गाडी उभी असते. तिथे पुट्टी भरणे म्हणजे घराच्या कुजलेल्या वाशाला चुना लावणे होय. त्यात माणसे बसतात.

दुसऱ्या खेपेस आम्ही गाडी कुठेही नेली नाही. खळ्यात पत्र्याची शेड घातली आणि एका जुन्या डेंटर उस्तादांना घरी बोलावले. त्यांनी गाडी पाहिली, हातोडीच्या मुठीने ठिकठिकाणी टकटक केली आणि म्हणाले, ‘‘भाईसाहेब, भाव मी आज सांगणार नाही. चार दिवस उघडायचे, त्याची रोजंदारी द्या. मग बसून हिशेब करू.’’ आम्हाला हे आधी महाग वाटले. आता वाटते, इतके स्वस्त वाक्य आम्ही पूर्वी ऐकले नव्हते.

कामाची वाटणी त्यांनीच केली. सीट, कार्पेट, दाराचे आतले पुठ्ठे, दिवे, बंपर काढणे आमच्याकडे. प्रत्येक नट-बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी, काढण्याआधी मोबाइलवर फोटो. लहान लोखंडी भाग आम्ही प्लॅस्टिकच्या टाकीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून, बॅटरी चार्जर लावून साफ केले. भाग चार्जरच्या निगेटिव्हला आणि भंगारातली एखादी लोखंडी सळई पॉझिटिव्हला. सळई स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्षार उतरतात. हे काम उघड्यावरच करावे, कारण त्यातून पेट घेणारा वायू निघतो. कार्ब्युरेटर ॲल्युमिनियमच्या जातीचा असतो, तो या टाकीत घालू नये, विरघळून जाईल. इंजिन जाम होते; प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून आठवडाभर ठेवले, मग पुलीच्या नटाला पाना लावून हलके हलके फिरवले तेव्हा ते सुटले. घाईने स्टार्टर मारला असता तर रिंगा तुटल्या असत्या.

आमच्या हाताला न लावण्याच्या गोष्टीही त्यांनी बजावून सांगितल्या. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग दाखवायचे नाही. आतली वाफ बॉम्बसारखी उडते. जुन्या ब्रेकची धूळ हवा मारून उडवायची नाही, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. आणि चासी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर न्यायचा नाही. तो नंबर घासला गेला तर उत्तम गाडीही कागदावर भंगार ठरते.

रनिंग बोर्ड कापण्याचा दिवस आम्ही विसरणार नाही. आम्हाला वाटले होते, दारे काढतील, मग कापतील. उस्तादांनी दारे जागेवरच ठेवली. गाडी खालून चार ठिकाणी समतल टेकवली, दाराच्या चौकटीत आडवे पाइप बांधले, दाराभोवतीची फट बोटाने मोजली आणि एकाच बाजूचा पत्रा कापला. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मध्ये बसते, मग दार जन्मात लागत नाही. नवा पत्रा वीस गेजचा, हाताने वाकवून घडवलेला. वेल्डिंगची सलग रेघ नाही. एक टाका इकडे, एक वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचे, नाहीतर पातळ पत्रा पापडासारखा फुगतो. प्रत्येक चार टाक्यांनंतर दार लावून पाहायचे. या कामाला एका बाजूचे तीन दिवस लागले. सोबतचा पोरगा, त्यांचा शागीर्द, दार उघड-बंद करून कंटाळला. पण फट बिघडली की आधी त्याच्याच हाताला कळत होते. विद्या अशी हातात उतरते. ठोक भावाच्या घाईत ती उतरत नाही, कारण घाईत पोराला फक्त पुट्टी कालवायला बसवतात.

कापलेला कुजका पत्रा उस्तादांनी फेकू दिला नाही. गोणीत भरून आमच्या पुढे ठेवला. म्हणाले, ‘‘तुमचे पैसे कुठे गेले ते पाहा.’’ त्या गोणीकडे पाहिल्यावर रोजंदारीबद्दल आमच्या घरात पुन्हा कोणी बोलले नाही.

यावरून आमचे स्पष्ट मत झाले आहे, ते आम्ही डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातील बंधूंपुढे मांडतो. जुन्या गाडीचा ठोक भाव सांगणे बंद करावे. उघडण्याची मजुरी वेगळी घ्यावी, आणि उघडल्यावर गिऱ्हाइकाला बोलावून भोके त्याच्या बोटाने दाखवावीत. जे ठरेल ते कागदावर लिहावे, दोघांनी सह्या कराव्यात. मोबाइलवर फोटो घ्यावेत. सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत, मजुरीचे काम होईल तसे. कापलेला पत्रा परत द्यावा. आणि जो गिऱ्हाईक घरी स्वतः गाडी उघडून बसतो, तो आपली मजुरी बुडवतो असे समजू नये. ज्याने गंज डोळ्यांनी पाहिला तो मजुरीवर वाद घालत नाही. वाद घालतो तो फक्त रंग पाहणारा.

काही कारागीर म्हणतात, खरे सांगितले की गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातो. जातो, हे खरे आहे. आम्हीही गेलो असतो. पण तोच गिऱ्हाईक दुसऱ्या पावसाळ्यानंतर परत फिरतो तेव्हा ज्याने खरे सांगितले त्याचे दार शोधतो. धान्याच्या ढिगात ओला माल खाली दडवणाऱ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी मकतबमध्ये ऐकली आहे, ती इथे लांबवत नाही.

पुट्टी हा गुन्हा आहे असेही आम्ही म्हणत नाही. पत्रा नीट जोडून, ठोकून सपाट केल्यावर वरून कागदाएवढी लांबी लागतेच. नाही लागत म्हणणारा डेंटर आम्ही पाहिला नाही. एखाद्या गरीब मालकाला गाडी आणखी एक वर्ष ओढायची असेल आणि तो स्वतःहून ‘वरवर कर’ म्हणत असेल, तर कारागिराने जरूर करावे. मात्र बिलावर तसे लिहावे. न सांगता भरलेली पुट्टी, आमची तक्रार तेवढीच.

व्यापाराच्या दृष्टीने आणखी एक बाब. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. याचा अर्थ, फियाटला डिझेल इंजिन बसवून देणाऱ्याने मालकाचा फायदा केला की नुकसान, याचा विचार करावा. मूळ रूप शाबूत आहे हे दाखवायला कामाचे फोटो आणि लेखी हिशेब हाताशी असलेले बरे. जो कारागीर अशी फाइल हाती देईल त्याचे काम आणि ज्याने फक्त चकाकी दिली त्याचे काम, यांना एकच दर मिळू नये. एक सूचना मालकांसाठीही: गाडी वडिलांच्या नावावर असेल तर पत्र्याला हात लावण्याआधी वारसांनी आरसी नावावर करून घ्यावी. आम्ही उलट्या क्रमाने केले आणि आरटीओच्या फेऱ्यांत एक उन्हाळा घालवला.

आमच्या गाडीचा रंग अजून व्हायचा आहे. उस्तादांनी पावसाळ्यात ड्युको मारायला नकार दिला. दमट हवेत रंग पांढरा पडतो म्हणतात. सध्या ती रेड ऑक्साईडमध्ये विटकरी उभी आहे आणि पाहणारे विचारतात, अजून किती दिवस? रनिंग बोर्डच्या पोकळीत मेणाचे तेल सोडले आहे. दारांच्या तळाला पाणी निथळायची भोके असतात, ती पहिल्या पेंटरने रंगाने बुजवली होती. ती शागीर्दाने तारेने मोकळी केली. आता पाऊस पडला की तो खाली वाकून पाणी कुठून बाहेर येते ते पाहतो.