माणसं नको, हेलपाटे कमी करा!

‘लीन मॅनेजमेंट’ हा शब्द आता सरकारी कार्यालयांतही ऐकू येतो. आपल्याकडे त्याचा अर्थ झटकन लावला जातो: भरती बंद, कंत्राटी माणसं घ्या, झाली बचत! साफ चूक. टोयोटाच्या ताईची ओनो यांनी जपानमध्ये ही पद्धत उभी केली, तेव्हा वाया जाणाऱ्या गोष्टींची यादी केली होती. ताटकळणं, उगाचची ने-आण, गरज नसलेलं काम. त्या यादीत माणूस नव्हता.

आता आपल्या पालिकांकडे बघा. मालमत्ता कराचं बिल पालिकेचं, पावतीही पालिकेचीच. तरी नळजोडणीच्या अर्जाला त्याच पावतीची झेरॉक्स आपण जोडायची. म्हणजे या खात्यातून त्या खात्यात कागद नेणारे आपण बिनपगारी शिपाई! संगणकीकरणात कल्याण-डोंबिवली महापालिका एकेकाळी राज्यात पुढे होती. पण फाइल स्क्रीनवर आली, टेबलं तेवढीच राहिली.

आणि जिथे खरंच तपासायला हवं होतं तिथे? डोंबिवलीतल्या ६५ इमारती आठवा. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. ‘हा कागद तुमचाच ना?’ एवढं एका कार्यालयाने दुसऱ्याला विचारलं असतं तरी पुरलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. टांगती तलवार कोणावर? कर्ज काढून घर घेतलेल्यांवर.

कुणी म्हणेल, सह्या कमी केल्या तर घोटाळे वाढतील. अहो, दहा सह्या असल्या की प्रत्येक जण आधीच्या सहीकडे बोट दाखवतो. एकच सही असेल तर पळायला जागा राहत नाही.

सरकारच्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात २०२५ साली शेजारचं उल्हासनगर महापालिकांत पहिलं आलं. अभिनंदन! गुण छापून आले, पण एका दाखल्यामागचे हेलपाटे किती कमी झाले, तो आकडा कुठे आहे?

लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. मुदत टळली तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही पालिकांकडे दोनच मागण्या:

१. पालिकेने स्वतः दिलेला कागद नागरिकाकडे पुन्हा मागू नये.
२. कुठल्या टेबलावर फाइल किती दिवस पडून असते, हे दर महिन्याला जाहीर करावं.

यासाठी नवा निधी लागत नाही, इच्छा लागते. एका कामासाठी तुम्हाला किती हेलपाटे पडले, कॉमेंटमध्ये लिहा. पालिका मोजत नसेल, तर आपण मोजू!