मासे आणि दूध निर्दोष

दांडिया बाजारातला जुना वाडा असो की समा-सावली रस्त्यावरचा नवा फ्लॅट, वडोदऱ्याच्या मराठी घरात कोडाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. मग कारणांचा शोध सुरू होतो. मासे खाऊन वर दूध प्यायली असेल, आजोळकडून आलं असेल, मागच्या जन्मीचं काही असेल. लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या कोपरावरचा रुपयाएवढा डाग पत्रिकेतल्या मंगळालाही भारी पडतो. मुलाच्या कोपराकडे मात्र सहसा कुणी बघत नाही.

या कुजबुजीला उत्तर देऊ शकणारी प्रयोगशाळा समाहून फतेगंजमार्गे फार लांब नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. रशीदुन्निसा बेगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या कोडाच्या रुग्णांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात साडेनऊशेहून अधिक रुग्ण होते आणि जवळपास तितकीच निरोगी माणसं. रुग्णांमध्ये ‘टीएनएफ-अल्फा’ हे प्रथिन जास्त आढळलं. डाग पसरत असलेल्यांत आणखी जास्त.

टीएनएफ हे सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. जंतू शिरला की हे निरोप सुटतात आणि काम झालं की थांबतात. कोडात ते थांबत नाहीत. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींनाच शत्रू ठरवून शरीर त्या मारत सुटतं.

मग टीएनएफ रोखला की काम झालं? संधिवातात बऱ्याच अंशी होतं. शेजारच्या अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने 2014 मध्ये टीएनएफ अडवणाऱ्या अ‍ॅडॅलिम्युमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती बाजारात आणली, ती त्यासाठीच. कोडात मात्र या औषधांनी निराशा केली. उलट दुसऱ्याच आजारासाठी ती घेणाऱ्या काहींच्या अंगावर नव्याने कोड फुटलं. रक्तात एखादं प्रथिन वाढलेलं दिसलं म्हणून तेच मुख्य गुन्हेगार ठरत नाही. गुन्ह्याच्या जागी बघे पण असतात.

खरा सुगावा लागला तो इंटरफेरॉन-गॅमा या दुसऱ्या सायटोकाइनकडून. त्याच्या जनुकातल्या फरकांचा कोडाशी असलेला संबंध बडोद्याच्या याच गटाने 2013 मध्ये मांडला होता. इंटरफेरॉनचा निरोप मिळाला की त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी ‘सीएक्ससीएल-10’ नावाचं दुसरं प्रथिन सोडतात आणि मारेकरी टी-पेशी त्या वासावर नेमक्या जागी पोचतात. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवतात ती ‘जॅक’ एन्झाइमं. ती अडवणाऱ्या रक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत जुलै 2022 मध्ये मंजुरी मिळाली. चोवीस आठवड्यांत सुमारे 30 टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा किमान तीन चतुर्थांश रंग परतला. बाकीच्यांचा तितका परतला नाही, आणि औषध थांबवल्यावर डाग पुन्हा येऊ शकतात. चमत्कार नाही, पण नेम बरोबर लागल्याचा हा पुरावा आहे.

म्हणूनच करोनानंतर घरोघरी शिरलेल्या ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ चूर्णांचा कोडाच्या रुग्णांवर होणारा मारा संतापजनक वाटतो. जिथे प्रतिकारशक्तीच चुकीच्या दिशेने पेटली आहे, तिथे ती आणखी वाढवायची कशासाठी? त्यापेक्षा कंबरेला रुतणारा परकराचा नाडा सैल करावा, कारण सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवे डाग उठतात. चिकटवायच्या टिकलीखाली कपाळ पांढरं पडू लागलं तर टिकली ताबडतोब बंद करावी. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायनच रंगपेशी मारतं.

नवा डाग दिसला तर महिनोन् महिने लेप लावत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. पसरणारं कोड सुरुवातीलाच आवरणं सोपं जातं. अतिनील किरणांचे उपचार आपल्याकडे आता बऱ्याच शहरांत होतात. आणि स्थळ बघायला निघालेल्यांसाठी एवढंच: कोड स्पर्शाने पसरत नाही, आणि ते असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना ते होतही नाही.