काट्याच्या टोकावरचे इलेक्ट्रॉन

आज आजी-आजोबांना एक प्रश्न विचारा. पूर्वीचा तो खोक्यासारखा टीव्ही लावला, की चित्र लगेच दिसायचं का? ते म्हणतील, "छे! आधी आवाज यायचा, मग हळूहळू चित्र." असं का बरं?

त्या टीव्हीत काचेची मोठी पिक्चर ट्यूब असे. तिच्या मागच्या निमुळत्या टोकात कॅथोड असे. तो तापून लाल झाला, की त्यातून इलेक्ट्रॉन सुटत आणि पडद्यावर आदळून प्रकाशाचे ठिपके उमटवत. तापायला वेळ लागे, म्हणून चित्राला उशीर!

आता टीव्हीतून ही ट्यूब गेली. पण तापलेला कॅथोड अवकाशात अजून कामावर आहे. अनेक उपग्रहांत संदेशाला जोर देणाऱ्या नळ्या असतात. त्यांना इलेक्ट्रॉनांचा झोत लागतो. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 यान 2,400 कोटी किलोमीटरांहून दूर गेलंय. त्याचे संदेशही अशाच नळीच्या बळावर येतात.

अडचण एकच. कॅथोड सुमारे 1,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यात वीज खर्च होते. उपग्रहावर वीज मोजकी आणि दुरुस्तीला मिस्त्री कुठून न्यायचा?

मग न तापवता इलेक्ट्रॉन काढता येतील? हो, येतात! धातूतला इलेक्ट्रॉन म्हणजे कुंपणातलं करडू समजा. उष्णता दिली, की ते कुंपणावरून उडी मारतं. पण बाहेरून विजेची जबर ओढ लावली, तर कुंपणच पातळ होतं आणि करडू आरपार निसटतं! 1928 साली फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी याचं गणित मांडलं. मात्र धातूचं टोक बाभळीच्या काट्याहूनही कितीतरी अणकुचीदार हवं. कारण टोकाशीच विजेची ओढ एकवटते.

पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, डॉ. दिलीप जोग, डॉ. महेंद्र मोरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा टोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, लँथॅनम हेक्साबोराइड असे पदार्थ त्यांनी तपासले. खरी परीक्षा पुढेच असते. टोक झिजतं, झोत थरथरतो. तो तासन्‌तास स्थिर राहिला, तरच उपयोग. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली कितीतरी कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत, बरं का! तेव्हा या परीक्षेला तुम्हीही बसू शकता.

आणि हो, अडगळीत जुना टीव्ही असेल, तर तो उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये हवा नसते. ती फुटली, तर काचा जोरात उडतात. बाहेरूनच पाहा आणि तिच्या मागच्या टोकात काय तापत असेल, ते ओळखा!