पावतीवर दस्त्याचीही नोंद हवी

निवडणुकीची आचारसंहिता उठली की सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यातले शेतकरी पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका सोडवून आणतात. त्यातल्या काही तिथूनच थेट माझ्या टेबलावर येतात. नळी ठीक असते, घोडा ठीक असतो. बिघडलेला असतो तो दस्ता. कुणाचा खांद्याकडच्या टोकाचा कपचा उडालेला, कुणाला चापामागे चीर गेलेली. मालकाचं म्हणणं मात्र ठरलेलं असतं, "वायच पॉलिश मारून दी, बाकी बंदूक बरी आसा."

ती बरी नसते. बारा बोरचं काडतूस उडालं की मागे येणारा धक्का लोखंडातून आधी लाकडात जातो आणि मग खांद्यात. चापामागचा भाग हाताच्या मुठीत मावावा म्हणून बारीक केलेला असतो आणि आतली यंत्रणा बसवायला तिथलंच लाकूड पोखरलेलं असतं. त्या जागची केसाएवढी चीर पुढच्या काही बारांत उघडते. तिच्यावर चकचकीत थर चढवणं म्हणजे धोका नजरेआड करणं, आणि असं पॉलिश मी करत नाही.

दस्ता आपटून फुटतो, हे खरं. पण माझ्याकडे येणाऱ्या दस्त्यांचं जास्त नुकसान नुसतं उभं राहून झालेलं असतं. बंदूक जमा करायची म्हणून मालक प्रेमानं नळीला आणि घोड्याला सढळ हातानं तेल लावतो. मग ती ठाण्याच्या खोलीत नळी वर करून भिंतीला टेकवली जाते. आठवड्यांमागून आठवडे ते तेल खाली ओघळतं आणि लोखंड जिथं लाकडाला टेकतं तिथं मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं. पुढच्या बाराला लोखंड त्यात रुततं आणि पाचरीसारखं लाकूड फाडतं. खालच्या टोकाची वेगळीच कथा. लाकूड पाणी सगळ्यात वेगानं पितं ते आडव्या कापाच्या तोंडातून. दस्त्याचं ते तोंड तळपट्टीखाली बहुधा कोरंच राहिलेलं असतं आणि ते टेकलेलं असतं ओलसर फरशीवर. 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. कोकणात तोवर पाऊस दारात आलेला असतो. पुढे 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली.

असा दस्ता टाकून द्यायची गरज नसते. जुन्या दुनळीचं अक्रोडाचं लाकूड चांगलं मुरलेलं असतं आणि त्याच मापाचं नवं बसवणं हे दुरुस्तीहून अवघड काम आहे. पण घाई चालत नाही. आधी सगळं लोखंड उतरवायचं. मग मुरलेलं तेल बाहेर काढायचं, कारण तेलकट लाकडावर कोणताच चिकटा धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, तो वाळून पिवळा पडला की झटकायचा आणि पुन्हा द्यायचा. लेप पांढरा राहीपर्यंत हे चालतं. त्यानंतर चीर हलक्या हातानं फाकवून इपॉक्सी अगदी तळापर्यंत पोचवायचं, सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि पुरता वेळ द्यायचा. बारीक भागातल्या चिरेला आतून पितळेची सळी लागते. खिळे ठोकून वर लांबी भरलेले दस्ते येतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. खिळ्यानं चीर आणखी लांब गेलेली असते.

दबलेल्या जागा घासून काढू नयेत. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. काचकागद लोखंडाच्या कडेशी फार जपून चालवावा, नाहीतर लाकूड धातूच्या पातळीखाली जातं आणि ते परत आणता येत नाही. मुठीवरच्या चौकटीच्या नक्षीला तर काचकागद लावूच नये. तिथं टर्पेंटाइन आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो. शेवटी जवसाचं तेल, तळहातानं चोळून, पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. तळपट्टीखालचं तोंडही त्याच तेलानं बंद करायचं. (तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.)

हे काम गावचा सुतारही करील, असं कुणाला वाटेल. हाताचं कसब त्याच्याकडे नक्की आहे. पण 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. परवानाधारक दुकान दूर असलं की शेतकरी चीर तशीच ठेवतो आणि माकडांमागे बागेत तीच बंदूक घेऊन जातो.

म्हणूनच माझं म्हणणं सरकारी ताब्याबद्दल आहे. जमा करून घेताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहितात, तशी दस्त्याच्या अवस्थेचीही एक ओळ लिहावी: चीर आहे की नाही, कपचा गेलाय की नाही. ती ओळ नसल्यामुळे नुकसान कुणाकडे झालं हा वाद सुटतच नाही आणि खर्च मालक सोसतो. भिंतीला लाकडी खाचांची घोडी करावी, खाली फळी टाकावी. गावातला कुणीही सुतार ती एका दिवसात करून देईल. शिवाय प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करून कुणाची बंदूक जमा करायची हे ठरवण्यासाठी जिल्ह्यात समिती असते. तिनं बागायतदाराचा विचार खरोखर वेगळा करावा.

आणि परवानाधारकांनो, बंदूक जमा करण्याआधी नळीचं जादा तेल पुसून घ्या आणि दस्त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. त्यांची एक प्रत पावतीसोबत ठाण्यात द्या आणि तिच्यावर पोच मागून घ्या.