सौम्य केमो सरसकट नको



रक्ताच्या कर्करोगात मूळपेशी प्रत्यारोपणाआधी सर्वांना सौम्य, म्हणजे कमी मात्रेची केमोच द्यावी, हे एका पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे. तीव्र केमोने तोंड सोलवटते, घोटभर पाणीही गिळवत नाही, हे कोण नाकारेल? पण २०१७ साली प्रसिद्ध झालेली, या दोन्हींची तुलना करणारी अमेरिकी चाचणी पाहा. एएमएल (रक्ताचा एक तीव्र कर्करोग) आणि एमडीएसचे (अस्थिमज्जेचा विकार), दोन्ही मात्रा झेपतील असे २७२ रुग्ण त्यात होते. दीड वर्षात उपचारापायी दगावले ते सौम्य गटात सुमारे ४ टक्के, तीव्र गटात १६. आजार मात्र उलटला तो सौम्य गटात ४८ टक्क्यांचा, तीव्र गटात जेमतेम १४. वय झालेल्या, हृदय दुबळे असलेल्या रुग्णाला सौम्यच बरी, हे मान्य. धुळ्याहून मुंबईच्या टाटा रुग्णालयात धडधाकट तरुणाला नेणाऱ्या नातलगांनी मात्र ‘आजार उलटण्याची शक्यता किती?’ हेही डॉक्टरांना विचारावे.

— एक वाचक, धुळे