इतिहासाच्या पानांतून : सोलापूरचे कुर्बान हुसेन

सोलापूरला जाणे झाले तर चार हुतात्मा पुतळा चौकात थोडे थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन अशी ती चार नावे. चौथे नाव आपल्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवा.

१८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि सोलापूर भोंग्यावर जगू लागले. दुष्काळाने गाव सोडलेले लोक, पद्मशाली विणकर, मुसलमान मजूर असे सगळे या गिरण्यांच्या आधाराने राहिले. तास लांब, मजुरी तुटपुंजी. १९२० नंतरच्या दशकात येथे वरचेवर संप होऊ लागले. याच वातावरणात कुर्बान हुसेन वाढले. गिरणी कामगारांची बाजू मांडता मांडता ते त्यांचे पुढारी झाले. ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्रही ते चालवीत. गझनफर म्हणजे सिंह. तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती!

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला, गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला, न्यायालयाची इमारत पेटवली. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तिरंगा लावणे हासुद्धा गुन्हा ठरला.

पोलिसांच्या हत्येचा ठपका या चौघांवर ठेवण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. फासावर चढवताना सरकारने भेद केला नाही, आणि सोलापूरकरांनीही चौघांची आठवण कधी वेगवेगळी केली नाही.

आज आपल्या देशप्रेमाचा पुरावा कुणी मागितला की आपण हे नाव पुढे करतो. तेवढ्यापुरते नाव घेणे मात्र त्यांच्यावर अन्याय आहे. ते आधी मजुरांचे माणूस होते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला तोंडपाठ असते. पण आपल्याच मोहल्ल्यातल्या यंत्रमागावर, बेकरीत, शिवणकामाच्या कारखान्यात आठवड्याचा पगार पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो, तेव्हा आपण गप्प बसतो. कधी तर ढकलणारे आपणच असतो.

सोलापूरच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. मजुराचा हक्क मात्र तसाच बाकी आहे. येत्या १२ जानेवारीला घरात कुर्बान हुसेन यांची गोष्ट जरूर सांगा, आणि त्याच दिवशी कुणाची मजुरी आपल्याकडे राहिली असेल तर ती देऊन टाका.