कॅमेरा कुणाच्या हातात?

सुट्टीत परदेशी जाऊन निर्वासित मुलांना व्हिडिओ शिकवायचं खूळ आता आपल्या होस्टेलवरही आलंय. जा की! पण आधी केनियातल्या काकुमाची माहिती काढा. १९९२ साली उभी राहिलेली ही छावणी. तिथेच जन्मलेली काही पोरं आज तिशीत आहेत. २००८ मध्ये तिथल्या निर्वासितांनी 'काकुमा न्यूज रिफ्लेक्टर' हे स्वतःचं वार्तापत्र काढलं, छावणीच्या कारभारावरही लिहिलं. अशांना आपण महिनाभरात काय डोंबल 'आवाज' देणार? रडके चेहरे टिपून बायोडाटा सजवण्यापेक्षा एडिटिंग शिकवा, बिघडलेला माईक दुरुस्त करा (तेवढं तरी आपल्याला यायलाच हवं!). काय दाखवायचं, काय गाळायचं हे त्यांनाच ठरवू द्या. आणि येताना कॅमेरा तिथेच ठेवून या.